धोंड्याखालचं गाव

सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे ‘पोटखराबा’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे लागवडीला अयोग्य. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तिला सडा म्हणतात, कुठे नुसतंच कातळ. मे महिन्याच्या दुपारी सड्यावर जाऊन उभं राहिलं की ही नोंद करणाऱ्याशी भांडावंसं वाटत नाही. नजर जाईल तिथवर काळपट तांबडा जांभा, एखादी करवंदीची जाळी, वाळून काड्या झालेलं गवत. सावली शोधायला गेलं तर ती आपल्याच पायाशी गोळा झालेली असते. दगड चपलेच्या तळातून भाजतो.

अशाच एका दुपारी, राजापूरच्या बाजूला, ज्यांच्या घरी मी उतरले होते त्या आजोबांनी हातातल्या काठीने एक सुटा धोंडा उलथला. परातीएवढा असेल. खाली बोटभर काळोख होता आणि त्या काळोखात एक विंचू, वाळवीची रांग आणि जमिनीला चिकटून बसलेली एक चिमुकली पाल. घरातल्या भिंतीवर फिरते तशी नव्हे. हिची शेपटी जाड, अंगावर पांढुरके पट्टे. मी वाकून बघत राहिले. आजोबा म्हणाले, ‘‘बघितलंस ना? आता ठेव गो बाय, होता तसाच ठेव.’’ मी काठीने धोंडा पालथा केला. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी काठी घेतली, धोंडा जरा फिरवला आणि त्याच्या मूळच्या खाचेत नीट बसवला.

त्या खाचेला काय अर्थ होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. त्याच्यावर ऊन आणि पाऊस आळीपाळीने पडत राहिले. पाण्याने दगडातली विरघळणारी द्रव्यं हळूहळू धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, ते गंजत आणि घट्ट होत गेलं, आणि काळ्या दगडावर तांबड्या, सच्छिद्र जांभ्याची टोपी चढली. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याने केरळात अंगडिपुरमला लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिलं आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. ज्याचं बालपण चिऱ्याच्या घरात गेलं त्याला विटेची उपमा वेगळी समजावून सांगायला नको.

या टोपीवर माती जवळजवळ नाही. जी आहे ती भेगांत आणि खळग्यांत, वीतभर कुठे, कुठे नखाएवढी. झाडाला मूळ धरायला जागा नाही म्हणून सावली नाही. आणि तरीही हा वाळवंटाचा प्रदेश नव्हे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीला सात हजारांच्या आसपास, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जूनमध्ये हाच सडा पाण्याखाली असतो. प्रत्येक खळग्याचं तळं होतं, प्रत्येक भेगेचा पऱ्या होतो. ऑक्टोबर सरता सरता पाणी आटतं, आणि पुढचे सात-आठ महिने एक थेंब नाही. इथे राहणाऱ्या जीवाला एकाच वर्षात बुडायचंही असतं आणि भाजायचंही असतं. वाळवंटातल्या उंटाला किंवा दलदलीतल्या मगरीला एकाच संकटाशी जुळवून घेता येतं. सड्यावर दोन्ही संकटं पाळीपाळीने येतात, आणि एकाची तयारी दुसऱ्याला उपयोगी पडत नाही.

मग हे जीव करतात काय? मला वाटतं, त्यांच्यापाशी दोनच आधार आहेत: वेळ आणि आडोसा. वाट कधी बघायची आणि लपायचं कुठे. बाकी सगळ्या करामती या दोन गोष्टींतून निघाल्या आहेत, आणि त्या करामती इतक्या नाना तऱ्हांच्या आहेत की एकेकीपुढे थांबावंसं वाटतं.

वाट बघण्यापासून सुरुवात करते. उन्हाळ्यात सड्यावरचे खळगे कोरडे असतात. तळाशी खरवडून काढावी लागेल अशी बारीक माती साचलेली असते. या मातीत मिरीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक अंडी असतात. फेअरी श्रिंप नावाच्या प्राण्याची ती अंडी. कोळंबीचा हा फार दूरचा नातेवाईक. बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा पारदर्शक, पाठीवर कवच नाही. पोट वर आणि पाठ खाली असं उताणं पोहतो, आणि पिसांसारख्या पायांच्या रांगेने एकाच वेळी वल्हवतो, श्वास घेतो आणि अन्न गाळून घेतो. सह्याद्रीतल्या अशा खळग्यांमधून त्याची एक नवी जात 2014 साली शास्त्राच्या नोंदीत आली, आणि तिला नावही सह्याद्रीचंच मिळालं: स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस.

या प्राण्याला मोठ्या तळ्यात राहता येत नाही. तिथे मासे असतात, आणि असा मऊ, हळू पोहणारा, बिनकवचाचा घास मासे सोडत नाहीत. जे तळं दर वर्षी आटतं तिथे मासा टिकत नाही, आणि म्हणून तिथेच हा टिकतो. उन्हाळा त्याचा शत्रू आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर उन्हाळाच त्याचा राखणदार आहे.

पण स्वतः वाचायचं कसं? पाणी आहे तोवर एक-दोन आठवड्यांत हा प्राणी वाढतो, जोडीदार शोधतो, अंडी टाकतो आणि मरतो. अंड्याच्या आत गर्भ वाढायला लागतो आणि मधेच थांबतो. पेशी तयार असतात, पण पुढचं काम बंद. शरीरातलं पाणी जवळजवळ सगळं निघून जातं. पाण्याशिवाय पेशीतली प्रथिनं आणि पडदे कोसळायला हवेत. अशा अंड्यांवर सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या भाऊबंदावर, आणि त्यात दिसलं की गर्भात ट्रेहॅलोज नावाची एक साखर साठवलेली असते. पाणी गेलं की ही साखर प्रथिनांभोवती काचेसारखी घट्ट होते आणि प्रत्येक गोष्ट जागच्या जागी धरून ठेवते. चयापचय इतका मंद की तो मोजणंही कठीण. हा जीव आहे की वस्तू, असा प्रश्न पडावा, आणि मला तो अजून पडतो. आर्टेमियाची अशी अंडी 1972 साली अपोलो 16 मधून चंद्राच्या वाटेवर नेली होती, अंतराळातल्या किरणांचा परिणाम बघायला.

याहून मोठी गंमत पुढे आहे. पहिला पाऊस पडला, खळगा भरला, म्हणजे सगळी अंडी फुटायला हवीत. तशी ती फुटत नाहीत. काही फुटतात, बाकीची ओली होऊनही झोपून राहतात. कारण कोकणातला पाऊस रोहिणीत चार सरी टाकून दहा दिवस गायब होऊ शकतो. सगळी अंडी त्या सरींना भुलली तर वाढ पुरी होण्याआधीच खळगा कोरडा पडेल आणि पिढीच संपेल. म्हणून एकाच आईची काही अंडी या पावसावर विश्वास ठेवतात, काही पुढच्या, काही पुढच्या वर्षीच्या. शहाणा शेतकरी सगळं बियाणं एकाच पेऱ्यात घालत नाही. इथे ते शहाणपण मेंदू नसलेल्या, ठिपक्याएवढ्या अंड्यांमध्ये वाटून ठेवलेलं आहे.

नायजेरिया आणि युगांडातल्या खडकांवरच्या अशाच खळग्यांत एका डासासारख्या माशीची अळी राहते. ती अंडं नाही, पुरी वाढत असलेली अळी आहे, आणि तीही अशीच सुकून जाते. सतरा वर्षं कोरडी ठेवलेली अळी पाण्यात टाकल्यावर पुन्हा हलू लागल्याची नोंद आहे. खडकावरचं डबकं, मग ते कोणत्याही खंडातलं असो, जीवाला तेच शिकवतं असं दिसतं.

त्याच खळग्यावर जूनमध्ये एक पिवळसर चतुर घिरट्या घालताना दिसेल. पँटाला असं त्याचं शास्त्रीय नाव. त्याने वाट बघण्याच्या अगदी उलट मार्ग धरला आहे. तोही पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतो, आणि त्याची पाण्यातली पिल्लं महिना-दीड महिन्यात वाढून उडून जातात. चतुरांच्या हिशोबात ही फारच घाई आहे. पण पाणी आटल्यावर थांबायचं सोडून तो जातो. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दर ऑक्टोबरात त्या बेटांवर चतुरांचे थवे येतात. बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाही, म्हणजे ते तिथे जन्मलेले नाहीत. 2009 साली त्यांनी मांडलं की हे चतुर भारतातून निघून, वरच्या थरातल्या वाऱ्यावर बसून, हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात, पावसाच्या मागोमाग. परततात त्यांचे वंशज. चार-पाच सेंटिमीटरचा किडा आणि खाली नुसता समुद्र. एकाच खळग्यातले दोन शेजारी: एक त्याच मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो, दुसरा समुद्र ओलांडतो. दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, चार बोटं पाणी.

बेडकांचं गणित याच्या मधलं. सड्याजवळच्या मातीत पुरून राहणारा एक गोल, गुबगुबीत बेडूक आहे. त्याच्या मागच्या पायाला फावड्यासारखी कडक गाठ असते. तो पुढे तोंड करून मागे मागे खणत जमिनीत उतरतो. बघणाऱ्याला वाटतं की जमीनच त्याला गिळते आहे. उन्हाळाभर तो खाली असतो, आणि मिरगाच्या पहिल्या जोरदार सरीला वर येतो. आंबोलीला एक छोटा भेक आहे, अंगावर वाघासारख्या रेघा आहेत म्हणून झँथोफ्रिन टायगेरिना. त्याला स्वतंत्र जात म्हणून 2009 साली नाव मिळालं, आणि तो आंबोलीच्या परिसरापलीकडे जवळजवळ कुठेच नाही. धबधब्यांच्या गावात राहूनही तो वाहत्या पाण्याकडे जात नाही. कातळावर साचलेल्या उथळ, कधी कधी तळव्याएवढ्या पाण्यात अंडी घालतो. हा सरळ जुगार आहे. पाऊस दोन दिवस उघडला तर ते पाणी उडून जाईल. पण मोठ्या पाण्यात खाणारी तोंडंही मोठी असतात, आणि उथळ पाणी लवकर तापतं म्हणून पिल्लं लवकर वाढतात. अशा डबक्यांत वाढणाऱ्या अनेक जातींच्या शेपटीवाल्या पिल्लांना पाणी कमी होतंय हे कळतं, आणि मग ती अंगाने लहान राहून का होईना, घाईने पाय फोडून बाहेर पडतात.

आता डोर्ल्याकडे वळते. रत्नागिरी जिल्ह्यातलं हे एक गाव, आणि शास्त्राच्या नकाशावर त्याचं स्थान मला फार मोठं वाटतं. आजोबांच्या धोंड्याखाली मी पाहिली तशी पांढऱ्या पट्ट्यांची पाल जगाला पहिल्यांदा इथूनच कळली. ॲलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमन यांनी 1963 साली तिचं वर्णन केलं. ती भिंतीवर चढत नाही. जमिनीवर, सुट्या दगडांखाली तिचा सगळा संसार. आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी, 2003 मध्ये, याच डोर्ल्यातून आणखी एक प्राणी नोंदला गेला, गेगेनिओफिस शेषाचारी. मराठीत या प्राण्यांना देवगांडूळ म्हणतात.

देवगांडूळ हा गांडूळ नाही, सापही नाही. बेडकाच्या कुळातला, पण पाय नसलेला. अंगावर कड्या, ओलसर कातडी, मातीत डोकं खुपसत पुढे जाणारा. या गटात डोळे कवटीच्या हाडाखाली झाकलेले असतात, आणि नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये एक इवलंसं स्पर्शक असतं; त्याने तो वास आणि स्पर्श दोन्ही चाचपतो. पावसात जांभ्याचा धोंडा उलटला तर एखादा दिसतो आणि लोक साप समजून मारतात. तो कोणालाही काही करत नाही.

बेडकाच्या कुळाला पाण्याचा जाच मोठा. अंड्यांना कवच नाही, म्हणून ओल हवी. पिल्लं पाण्यात वाढणारी, म्हणून तळं हवं. आणि सड्यावरचं पाणी आज आहे, उद्या नाही. डोर्ल्याच्या देवगांडुळाने हा प्रश्न सोडवला तो अंडी बाहेर घालण्याचंच सोडून देऊन. पिल्लं आईच्या पोटात वाढतात आणि जिवंत जन्मतात. डेव्हिड गोवर, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली हे प्रसिद्ध केलं, तेव्हा जिवंत पिल्लं देणारा तो आशियातला पहिला ज्ञात उभयचर ठरला. आपण वाचतो तेव्हा ही एका ओळीची बातमी असते. पण विचार करा, कोट्यवधी वर्षं पाण्याशी बांधलेल्या कुळातल्या एका आईने तळंच पोटात घेतलं. आणि ते कळलं पोटखराब्यातल्या एका धोंड्याखाली.

खेकड्यांनीही तेच साधलंय, थोड्या वेगळ्या रीतीने. समुद्रातल्या खेकड्याची अंडी फुटून पाण्यात तरंगणारी पिल्लं निघतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या मादीच्या पोटाखाली झाकणासारखा पदर असतो. अंडी त्यात राहतात आणि त्यातून थेट चिमुकले खेकडेच बाहेर येतात. मग काही दिवस आईच्या पदराआडच बसतात.

आता फुरसं. याच्याबद्दल लिहिताना भीती आणि आदर दोन्ही असतात. हातभर लांबीचा, मातकट रंगाचा साप, धोंड्याखाली वेटोळं करून बसलेला, आणि भारतात सर्वांत जास्त माणसं मारणाऱ्या चार सापांपैकी एक. कोकणातल्या कातळांवर तो इतका होता की 1862 च्या डिसेंबरात, सरकारने मारलेल्या फुरशामागे बक्षीस वाढवून दोन आणे केलं तेव्हा, रत्नागिरी जिल्ह्यात आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी आणून दिली गेली. आठ दिवसांत लाख! त्या आकड्यात माणसाची भीती दिसते, पण मला त्यात सड्याची ताकदही दिसते. ज्या जमिनीवर काही उगवत नाही म्हणतात, ती एवढ्या सापांना पोसत होती. म्हणजे विंचू, गोमी, पाली, बेडूक, उंदीर किती असतील याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

फुरसं चिडलं की फुत्कार सोडत नाही. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं. कडेच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात, त्यांचा करकर आवाज येतो, तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा. फुत्कारात श्वासाबरोबर शरीरातली ओल जाते. खवल्यांच्या आवाजात ती जात नाही, म्हणून कोरड्या प्रदेशात ही पद्धत पडली असावी असं काही अभ्यासक मानतात. मला हे पटतं. आठ महिने पाणी नसलेल्या जागी नुसतं रागावण्यालाही काटकसर लागते. फुरशाची मादीही अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देते. आणि पावसाळ्यात जमीन चिंब झाली की हा दगडाखालचा साप झुडपावर चढून बसलेला सापडतो. म्हणून सड्यावर जाणाऱ्याने धोंड्याखाली उघडा हात कधीच घालू नये. आजोबा काठी उगाच घेऊन फिरत नव्हते.

हे झालं धोंड्याखालचं. उघड्यावर राहणारेही आहेत. टिटवी घरटं बांधत नाही. चार खडे गोळा करते आणि त्यांच्यात खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी घालते, थेट तापलेल्या कातळावर. पंचतंत्रातली टिटवी समुद्राशी भांडली होती. सड्यावरची उन्हाशी भांडते. इतर पक्षी अंडी उबवतात, हिला दुपारी ती निववावी लागतात. ती अंड्यांवर उभी राहून सावली धरते, आणि जवळपास पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असं गावात अजून म्हणतात. त्याचं खरंखोटं मी सांगत नाही. पण जिथे पावसाळ्यात पाण्याचं तळं होतं अशा जागी अंडी घालणाऱ्या पक्ष्याच्या जागेच्या निवडीकडे शेतकऱ्याने लक्ष ठेवावं, यात मला नवल वाटत नाही.

सड्याचं घाटमाथ्यावरचं भावंड म्हणजे साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार. तिथल्या सरड्याने मला वेड लावलं. हातभर अंतरावर असूनही तो दगडासारखा दिसतो. मग दगडावर चढतो, मान वर करतो, आणि हनुवटीखालून एक पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. क्षणभर आणि मिटतो. पुन्हा उघडतो. रखरखीत एप्रिलमध्ये अख्ख्या पठारावर तेवढाच एक रंग असतो. 2016 साली या सरड्यांचा नवा गण ठरवला गेला आणि त्याला नाव दिलं ‘सरडा’. आपलाच शब्द, लॅटिन लिपीत लिहिलेला. चाळकेवाडीची जात सरडा सुपर्बा.

हा पंखा माद्यांसाठी आहे, पण तो वरून उडणाऱ्या शिकाऱ्यालाही दिसतो. म्हणून सरड्याचं सगळं आयुष्य दाखवणं आणि लपणं यांच्यामध्ये तोललेलं. चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि हा तोल कसा सरकला ते मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी 2018 साली दाखवलं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी होते. त्यामुळे सरडे खूप वाढले. त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कमी आढळली, आणि माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत होते. ऐकायला सुखाची गोष्ट वाटते. पण सरडे जास्त झाले तेव्हा खाणंही वाटलं गेलं. तिथले सरडे अंगाने रोडावलेले होते, आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला होता. आकाशातला पक्षी गेला आणि जमिनीवरच्या सरड्याचा रंग उडाला. वरकरणी रिकाम्या पठारावर धागे किती ताणून बांधलेले असतात, हे मला त्या फिक्या रंगाइतकं दुसऱ्या कशानेही दाखवलं नाही.

आता त्या खाचेबद्दल. धोंडा कातळावर वर्षानुवर्षं पडून राहतो तेव्हा त्याची कड खालच्या उंचसखल दगडाशी जुळते. भोवताली माती, गवताची मुळं, शेवाळं साचतं, आणि आतली पोकळी बंद होते. दुपारी वरचा दगड तापतो, पण ती उष्णता जाडीतून खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. रात्री बाहेर गार पडतं तेव्हा तोच दगड आत ऊब धरून ठेवतो. ओल उडून जात नाही. म्हणजे एका धोंड्याखाली जे हवामान असतं ते बाहेरच्याहून वेगळं, सौम्य. तोच धोंडा वीतभर सरकवून ठेवला तर कडेला फट पडते. वारा शिरतो, ओल जाते, आणि घराचा नुसता दगड होतो. आजोबांनी हे कोणत्या शब्दांत जाणलं होतं मला माहीत नाही. त्यांनी नुसता तो पुन्हा खाचेत बसवला होता.

हे लिहिताना मनात चिरेखाणी आहेत, कातळात सुरुंगाचे खड्डे घेऊन बाहेरून आणलेल्या मातीत लावलेली आंब्याची कलमं आहेत, आणि त्या बागांभोवतीचे गडगे आहेत. गडगा बांधायला दगड कुठून येतो? सड्यावरून, सुटे धोंडे वेचून. माझ्या माणसांच्याही बागा आहेत आणि त्या आंब्यावर घरं चालतात, म्हणून बाग करणाऱ्याकडे मी बोट दाखवणार नाही. पण धोंडे वेचलेला सडा आणि न वेचलेला सडा मी दोन्ही पाहिले आहेत. लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी त्याच सड्यावरच्या एका कोरड्या खळग्यातून चमचाभर माती कागदाच्या पुडीत घालून आणली. जूनचा पहिला पाऊस गच्चीवर पातेलं ठेवून धरला, कारण नळाच्या पाण्यात औषध असतं. एका काचेच्या वाटीत ती माती आणि ते पाणी घालून खिडकीत ठेवलं. पहिल्या दिवशी नुसतं गढूळ पाणी. दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडाच्या बाजूला काचेला लागून काहीतरी धूळ तरंगत होती, आणि ती धूळ झटके देत चालत होती. भिंगातून पाहिलं तेव्हा पाय दिसले.

मोजायचा प्रयत्न केला. तेवीसपर्यंत मोजले आणि मग ती इतकी हलायला लागली की सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा कोकणात जाणार होते, तेव्हा ती वाटी झाकून, मांडीवर धरून नेली आणि त्याच खळग्यात ओतली. वाटीच्या तळाशी थोडा गाळ चिकटून राहिला होता. तो पावसाच्या पाण्याने दोनदा विसळून तोही ओतला, कारण त्यात न उठलेली असणार होती.